मागीलदारचं पाणी

बाईंना पुढच्या दाराचं वावडं होतं. कुणाच्याही घरी गेल्या की पडवीत बसायच्या नाहीत. कुणी खुर्ची पुढे केली तरी तिच्याकडे न बघता सरळ घराला वळसा घालून मागीलदारी जायच्या. मागीलदारी म्हणजे न्हाणी, भांडी घासायचा दगड, अळवाचा वाफा आणि दोरीवर कुणाचा तरी वाळत घातलेला परकर. अशा जागी हातात कागद धरून परक्या पुरुषानं उभं राहायचं म्हणजे काय शिक्षा असते, ते मलाच ठाऊक. मी दहा वेळा सांगून बघितलं, की बाई, लोक काय म्हणतील? त्यावर उत्तर ठरलेलं असायचं.

'पुढल्या दारात मानूस लुगडा सारखा करून बोलता. मागीलदारी खरा बोलता.'

मी तेव्हा आमच्या नगरपंचायतीत घरपट्टीच्या टेबलावर होतो. कुडाळहून मालवणकडे येताना खाडीच्या अंगाला आमचं गाव लागतं. गाव कसलं, आता शहरच म्हणायचं. शेतमळे बुजवून त्यावर इमारती उठल्या, बाजार रस्त्यावर आला आणि दर दोन-तीन पावसाळ्यांनी खालच्या आळीत पाणी भरायला लागलं. तेव्हा वरून हुकूम आला, की पुराचा आराखडा करा. पाणी कुठून येतं, कुठं चढतं, माणसं कधी आणि कुठं हलवायची, हे सगळं नकाशावर हवं. त्यासाठी कंत्राटावर ह्या बाई आल्या. मूळच्या मसुऱ्याच्या. संख्याशास्त्र शिकलेल्या, मोठ्या शहरात नोकरी केलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांच्याबरोबर घरोघर फिरायला माणूस हवा होता. सगळी दारं ओळखणारा मीच, म्हणून मला जुंपलं. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते, पण ते विचारतो कोण?

बाईंचं सामान म्हणजे एक लॅपटॉप, एक शिंप्याचा टेप आणि स्टीलच्या बाटलीत सोलकढी. टेप कायम गळ्यात. बाजारातून जाताना एकदा एका गृहस्थानं त्यांना थांबवून ब्लाउजाची शिलाई विचारली होती. बाईंनी शांतपणे त्याला सांगितलं, की शिलाई नाय, पण तुझ्या दुकानात पाणी खंयसर चढला ता मापून देतंय. आणि खरंच दिलं, दुकानाच्या भिंतीला टेप लावून.

'खूप' ह्या शब्दावर त्यांचा भारी राग. कुणी म्हणालं, खूप पाणी होतं हो, की झालंच. 'खूप माझ्या नकाशार बसणा नाय. तुझ्या अंगार खंयसर होता ता दाखव.' मग माणसं घोट्याला, गुडघ्याला, कमरेला हात लावायची आणि बाई टेपानं मोजायच्या. एकदा खुद्द नगराध्यक्ष सांगत होते, की पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि मी त्यातून पोहत जाऊन माणसं काढली. बाईंनी त्यांना उठवून उभं केलं, टेप लावला, शेजारच्या भिंतीवरची चिखलाची जुनी रेघ बघितली आणि म्हणाल्या, 'साहेब, तुम्ही बसून पोहत होतात का?' ऑफिसात ऑफिसची मराठी बोलायच्या, पण शेऱ्याचा तिखटपणा मालवणीच असायचा. नगराध्यक्ष मोठ्या मनाचे, तेही हसले. मी मात्र फायलीत तोंड खुपसलं.

पुढे कळत गेलं, की बाईंचं खरं हत्यार टेप नव्हे. ते होते त्यांचे दोन प्रश्न. पहिला, त्या दिवशी चुलीवर काय होतं? आणि दुसरा, पाणी आल्यावर पहिलं काय उचललंत?

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. अहो, पुराचा आराखडा करायचा की पाककृतींचं पुस्तक? पण तारीख विचारली तर बायका गोंधळतात आणि चुलीवरचं विचारलं तर बरोबर सांगतात. नारळीभात होता म्हणजे नारळी पौर्णिमा. कोंबडीवडे होते म्हणजे दिव्यांच्या आवसेच्या आधीचा दिवस. हे सगळं बाई लॅपटॉपात भरायच्या, शेजारी पावसाची मापं, पुलाखालच्या पाण्याची पातळी आणि समुद्राच्या भरतीची वेळ. एवढं सगळं असून पुन्हा तारकर्लीला दिलेल्या आपल्या बहिणीला फोन लावून खात्री करायच्या. मी म्हटलं, लॅपटॉप आहे ना? तर म्हणाल्या, लॅपटॉप भरती सांगता, वारो भैण सांगता.

दुसरा प्रश्न त्याहून विचित्र वाटायचा. पहिलं काय उचललंत, म्हटलं की माणसं आधी हसायची, मग त्यांच्या तोंडून भलतंच काही निघायचं. खालच्या आळीत रस्त्यालगतचा एक दुकानदार म्हणाला, फ्रीज. त्याची बायको आतून म्हणाली, त्येच्या आधी तुमचो दारूचो खोको. बाईंनी दोन्ही लिहून घेतलं. आळीतल्या पोरांनी त्यांचं नावच पाडलं, 'काय उचल्लास बाई'. बाईंना ते कळलं तेव्हा त्या खूष झाल्या. खूप खूष झाल्या असं लिहिणार होतो, पण त्यांची भीती वाटते.

खालच्या आळीत घरांच्या दोन ओळी. पुढची ओळ रस्त्यावर, तिच्यापुढे नदी आणि पूल. मागची ओळ उताराला, तिच्या पाठीमागे व्हाळ, म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. तो रस्त्याखालच्या मोरीतून खाडीला मिळतो. त्या मागच्या ओळीत माझी थोरली बहीण राहते. आक्काचा नवरा लवकर गेला, मुलगा मुंबईला, घरात ती आणि तिची सासू. सासू तेव्हा कित्येक वर्षं खाटेवर होती. कुशीवर वळवायची तरी आक्काचा हात लागे.

तिथेही बाई मागीलदारीच गेल्या. आक्का अळू चिरत बसली होती. मला वाटलं, इथे काय विचारायचं? आदल्या पुरानंतर मी आक्काला फोन केला होता तेव्हा ती म्हणाली होती, थोडा पाणी इलेला, गेला. मीच बाईंना तसं सांगून टाकलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी आपला दगडावर जाऊन बसलो.

मग त्यांनी विचारलं, पाणी येताना तू खंय होतंस गो? आक्का म्हणाली, सगळी आळी पुलावर गेली होती, नदी बघायला. आमच्याकडे हे असंच. पाऊस वाढला की पुरुष, बायका, पोरं सगळी पुलावर. नदी धोक्याच्या खुणेला टेकली का, हे बघत उभी राहणार, भजी मिळाली तर खाणार. आक्का म्हातारीला सोडून जाणार कशी? ती घरीच होती.

'न्हाणीच्या भोकातसून पाणी वर येवक लागला,' आक्का सांगत होती. 'माका वाटला, कळशी उलाटली. बघतंय तर सगळा मागीलदार भरलेला.'

'पयला काय उचललंस?'

'सासूक.'

'आणि मगे?'

आक्का अळू चिरायची थांबली. 'मगे काय उचलतलंय? तिका उचलून तशीच उभी रवलंय. खाली ठेवूक जागाच रवली नाय. पुलावरसून माणसा परत येयसर मी तिका हातात धरून उभी.'

मी तिचा सख्खा भाऊ. मला हे तोवर माहीत नव्हतं. मला रडू फुटलं आणि तिचा रागही आला, की ही बया थोडं पाणी म्हणजे हे म्हणत होती. बाईंनी आक्कापुढचं अळू ओढून घेतलं आणि देठं सोलायला बसल्या. कुणी काही जड सांगितलं की त्यांचं हे असं व्हायचं, समोर दिसेल ते काम हातात घ्यायच्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांचे हात खाजत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी आळीचा नकाशा टेबलावर पसरला. ज्या घरानं जे उचललं ते त्या घरावर लिहिलेलं. पुढच्या ओळीत फ्रीज, टीव्ही, तांदळाचे डबे, देव, कागदपत्रं, दारूचा खोका, दाटीवाटीनं. मागच्या ओळीत एका घरावर 'पोर', एकावर 'सासू', बाकी सगळं कोरं. बाई म्हणाल्या, बघा. पाणी नदीतून आलं असतं तर पुढच्यांना उसंत मिळाली नसती आणि मागच्यांनी फ्रीज उचलले असते. इथे उलटं आहे. पाणी आधी मागे येतं. आवस-पुनवेला उधाणाची भरती आली की खाडी फुगते, मोरीचं तोंड बंद होतं, डोंगराचं पाणी व्हाळातून मागे फिरतं आणि न्हाण्यांतून वर येतं. त्या वेळी पुलाखालचं पाणी अजून धोक्याच्या खुणेखालीच असतं. म्हणून इशारा मिळत नाही आणि सगळे पुलावर उभे राहून चुकीच्या पाण्याकडे बघत बसतात.

आमचे मुख्याधिकारी माणूस वाईट नव्हते. पण बाहेरगावच्या एका कंपनीनं काँप्युटरवर काढलेला नकाशा त्यांच्यापुढे होता आणि त्यात पाणी नदीतून येत होतं. सायरन एकच मंजूर होता आणि तो पुलाशी बसणार होता. ते म्हणाले, 'बाई, कंपनी सोडा, आळीतले लोकच सांगतात की पाणी नदीचं आहे. तुमच्याच कागदावर लिहिलंय. मग मी कुणाचं ऐकू?' आणि ते खरंच होतं. मागच्या ओळीतले लोकसुद्धा नदीच म्हणत होते, कारण पाणी घरात शिरलं तेव्हा ते पुलावर नदी बघत होते.

बाहेर आल्यावर बाई पायरीवर बसून सोलकढी प्यायल्या. मी म्हटलं, संपलं. तर म्हणाल्या, आकडो अर्धाच बोलता, मानूस वाढवून बोलता, दोघांका एका बाकार बसवल्याशिवाय खरा कळणा नाय. मग उठल्या आणि म्हणाल्या, पावसाळ्याआधी आक्काला खबर मिळायची सोय करायची. सायरन नाही तर नाही, देवळाची घंटा आहे ना?

आळीच्या देवळात मोठी पितळी घंटा आहे, वरच्या शाळेपर्यंत ऐकू जाते. पण ती अवेळी वाजवायची नाही, असा रिवाज. गुरवांना विचारलं तर ते म्हणाले, देवाचो कौल व्हयो. मला वाटलं, आता ही संख्याशास्त्राची बाई हात जोडून परत फिरेल. कसलं काय. 'घेवया,' म्हणाल्या.

कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळी आळी जमली. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं, आणि प्रश्न घातला, अवेळी घंटा वाजवायची का? थोड्या वेळानं डावी कळी पडली. माणसं उठायला लागली. आक्का खांबाला टेकून उभी होती, तिनं फक्त पदर सारखा केला.

बाई मात्र बसूनच राहिल्या. मोठ्यानं म्हणाल्या, 'प्रश्न चुकलो.'

एका म्हाताऱ्यानं सुनावलं, एकदा दिलेला कौल पुन्हा विचारत नाहीत. बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, 'तोच प्रश्न नाय विचारूचो. घंटा वाजवूचा काम आमचा, ता देवाक कशाक विचारतास? त्येका विचारा, पाणी इला तर पयली खबर कोणाक दिवची? मागल्या वळीक दिवची आसात तर उजवो दी.'

गुरवांनी नव्या कळ्या चिकटवल्या. ह्या वेळी गाऱ्हाण्यात त्यांनी मागच्या ओळीतली सगळी घरं नावानं घेतली, आक्काच्या सासूचंही नाव घेतलं. आणि उजवी कळी पडली. ज्या म्हाताऱ्यानं सुनावलं होतं त्यानंच पहिलं 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मागच्या ओळीतल्या बायका डोळे पुसत होत्या. बाहेर आल्यावर मी बाईंना हळूच विचारलं, पुन्हा डावीच पडली असती तर? बाई चपला शोधत होत्या. म्हणाल्या, 'तर आणखी बरो प्रश्न शोधूचो लागलो असतो.'

मग बाईंनी मोरीच्या दगडावर लाल रंगाचा पट्टा मारून घेतला. आक्कानं मागीलदारातून पट्ट्यावर नजर ठेवायची, पाणी त्याला लागलं की गुरवांना हाक मारायची आणि त्यांनी घंटा वाजवायची. आळीत घरोघर सांगून झालं, की घंटा झाली की पुलाकडे जायचं नाही, मागच्या ओळीत जायचं आणि तिथल्यांना घेऊन चढणीनं शाळेत.

त्या वर्षी दिव्यांच्या आवसेला पाऊस सकाळपासून थांबेना. बाई पहाटेच तारकर्लीला फोन लावून बसल्या होत्या. बहीण म्हणाली, वारा समुद्रावरचा आहे, पाणी माडांच्या मुळांना लागलंय. बाई आणि मी आळीत पोचलो तेव्हा दुपारचा स्वयंपाक चालला होता. तेवढ्यात घंटा झाली. गुरव अशी घंटा बडवत होते, की देवळातली कबुतरं पावसात बाहेर पडली.

आणि आळीनं काय केलं? सवयीनं छत्र्या घेतल्या आणि पुलाकडे निघाली. मी कपाळावर हात मारला. बाई रस्त्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. गळ्यात टेप, अंगावरून पाणी वाहतंय. ओरडल्या नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, 'पूल खंय जाणा नाय, तो थयच रवतलो. मागीलदारी चला.' तो फ्रीजवाला दुकानदार थबकला, वळला आणि त्याच्यामागे सगळे वळले.

आक्काच्या सासूला चौघांनी खुर्चीत बसवून उचललं. म्हातारी वाटभर त्यांना शिव्या घालत होती, की खुर्ची वाकडी धरता. आम्ही शाळेत पोचल्यावर वरून बघितलं. मागच्या ओळीत पाणी शिरत होतं, भिंतीनं भिंतीनं चढत होतं आणि घरांत एकही माणूस नव्हतं. बऱ्याच वेळानं पुलावरचा सायरन वाजला, तेव्हा निम्मी आळी शाळेच्या व्हरांड्यात अंग पुसून चहा पीत होती.

आक्का सगळ्यांत शेवटी वर आली होती. कमरेवर मोठं पातेलं, वर ओला टॉवेल. बाईंनी तिला दारातच गाठलं.

'पयला काय उचललंस गो?'

'सासूक,' आक्का म्हणाली. 'मगे देव. मगे गॅस. मगे औषधां, तिची चादर.' आणि पातेलं खाली ठेवत म्हणाली, 'आणि ह्यां वड्यांचा पीठ. भिजवलेला होता, टाकतलंय कशाक?'

बाईंनी टॉवेल उचलून आत बघितलं. मग त्या तिथेच, शाळेच्या पायरीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. 'पीठ उचलूक वेळ गावलो,' एवढंच म्हणत राहिल्या, 'पीठ उचलूक वेळ गावलो.' आम्हाला कुणालाच काय करावं कळेना. शेवटी आक्कानं त्यांच्या हातात पीठ दिलं आणि म्हणाली, थापा आता. बाईंचे वडे फार वाईट झाले, वेडेवाकडे आणि जाड. सगळ्या आळीनं ते खाल्ले.

मुख्याधिकारी दुसऱ्याच दिवशी स्वतः नकाशा मागायला आले, आणि पुढच्या पावसाळ्यात सायरन मोरीपाशी बसला. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम सांगतो. बाईंचं कंत्राट संपलं आणि त्या मसुऱ्याला गेल्या. आराखडा ऑफिसच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते आता मला विचारू नका, मी रिटायर झालो. पण दर मिरगाला गुरव गाऱ्हाणं घालतात तेव्हा पिकापाण्याचं सांगून झालं की शेवटी म्हणतात, 'बा म्हाराजा, पाणी मागीलदारसून येता, ह्याची याद आमका रवांदे', आणि सगळी आळी म्हणते, 'व्हय म्हाराजा'. नव्यानं राहायला आलेल्यांनाही ते पाठ झालंय.

गेल्या वर्षी आक्काची सासू गेली. पावसाळ्यातच गेली, बाहेर धो धो कोसळत असताना. आपल्याच खाटेवर, कोरड्या अंथरुणात, आक्काच्या हातून पेज पिऊन. मी बाईंना कळवलं. त्या मसुऱ्याहून एसटीनं आल्या, भिजल्या होत्या. पडवीत भेटायला आलेली माणसं बसली होती. त्यांनी बाईंना जागा करून दिली. बाईंनी कुणाकडेच न बघता घराला वळसा घातला. मी छत्री घेऊन त्यांच्यामागे धावलो, ओरडून सांगणार होतो, की बाई, आजच्या दिवस तरी पुढून या.

मागीलदारी वळचणीखाली आक्कानं आधीच खुर्ची मांडून ठेवली होती.